डाव्या पावलाचं माप

आमचे हे चर्चच्या पायरीवर बसून, डावा बूट काढून पाऊल चोळत होते. “यंदा नाताळची कॅरल-गाणी म्हणत घरोघरी फिरायला मी येत नाही,” एवढंच म्हणाले.

सव्वीस नाताळांत मी त्यांना एकोणीस शर्ट दिले. त्यांचं डावं पाऊल उजव्यापेक्षा रुंद आहे, हे कधी पाहिलंच नाही. रोज दिसणाऱ्या माणसाकडे आपण बघायचं सोडून देतो आणि भेटवस्तू मात्र न चुकता देत राहतो.

दुपारी ते झोपल्यावर मी टेप घेऊन पायथ्याशी बसले. डावं पाऊल रुंदीला अर्धा इंच जास्त भरलं. त्यांनी एक डोळा उघडला.

“शवपेटीचं माप घेतेस की काय?”

“बुटांचं. मापाने शिवून घेणार आहे. कॅरलला तुम्ही माझ्याबरोबर चालणार आहात. पाय हलवू नका.”