भरवणारा हात

कासार आंबोलीच्या चंद्राबाईनं एकदा कुणावर डूख धरला की धरला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेणबा तिला न विचारता म्हैस विकून आला होता. दहा वर्षांनीही त्या म्हशीचा विषय निघाला की गेणबा चहा अर्धा टाकून उठायचा. बायका हसायच्या, पण असले राग तिच्या लेखी किरकोळ होते. खरं हाडवैर तिनं एकाच माणसाशी धरलं, थोरल्या दिराशी. हैबतराव बायको वारलेला, घरातला कर्ता, शब्दाला वजन असलेला माणूस. त्याच्याच घरात राहायचं, त्यालाच रांधून वाढायचं आणि त्यालाच मनात रोज शिव्या घालायच्या, असं आठ वर्षं चाललं. त्याला कारणही तसंच होतं.

चंद्राबाईची एकुलती एक लेक जया. दीड वर्षाची असताना तापात तिला झटके आले. ताप उतरला, पण पोरीची उजवी बाजू आखडली ती आखडलीच. पाय ओढत चालायला लागली. उजवा हात मात्र कोपरात दुमडून छातीशी, मूठ घट्ट मिटलेली. तेल झालं, शेक झाला, भगत झाला, दोन कोंबडी गेली. हात हलला नाही.

डावा हात चांगला तरतरीत होता आणि तीच मोठी पंचाईत होती. जेवायला बसलं की पोरीचा डावा हात ताटाकडे जायचा. त्या हातानं काय करतात हे सगळ्यांना ठाऊक. त्यानं अन्न खाणं म्हणजे घराची अब्रू गेली. चंद्राबाई त्या हातावर चापट मारायची आणि लगेच आपल्या हातानं घास भरवायची. चापटही मायेनं, घासही मायेनं. असं करता करता पोर सहा वर्षांची झाली आणि तिला स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा पिता येईना.

अठ्ठावन्न साली हैबतरावाच्या लेकीचा साखरपुडा निघाला. घोटावड्याचे व्याही, तालेवार माणसं. ओसरीवर पंगत बसली. चंद्राबाई आमटीची बादली घेऊन वाढत होती, त्यामुळे जयाला भरवायला कुणी नव्हतं. पत्रावळीवर लापशी, पोटात भूक, पोरीनं काय करावं? तिनं डाव्या हातानं खायला सुरुवात केली. समोरच्या पंगतीत व्याह्यांच्या एका म्हाताऱ्याचा घास तोंडापाशीच थांबला.

"ही पोर कुनाची म्हनायची?" त्यानं विचारलं.

हैबतराव उठला. जयाला दंडाला धरून त्यानं पानावरून उचललं, ओसरी उतरून गोठ्यात नेलं आणि म्हशीशेजारी बसवलं. येताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या हातानं खानारं मानसांत बसत न्हाई."

व्याही समाधानानं जेवायला लागले. गेणबानं मान खाली घातली ती वर केली नाही. चंद्राबाईला वाटलं, ही उकळती आमटी याच्या डोक्यावर ओतावी. बादलीत तीस माणसांची आमटी होती, म्हणून ओतली नाही. पण त्याच जागी तिनं मनाशी ठरवलं: माझी पोर ह्याच ओसरीवर उजव्या हातानं जेवेल आणि हा हैबत्या ते बघत बसेल. तोवर ह्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. ताट आपटून ठेवायची, म्हणजे जेवण वाढलंय हे त्याला कळायचं. भाकऱ्यांतली करपलेली भाकरी न चुकता त्याच्या वाट्याला यायची.

पौडच्या बाजारात मोहिद्दीनचं कापडाचं दुकान होतं. खण घेता घेता चंद्राबाईनं त्याला पोरीचं आणि गोठ्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माजी भाची सायरा पुन्याच्या दवाखान्यात हाय. हातापायानं अधू असलेल्या पोरांना कामं शिकिवती. मुंबईला जाऊन त्येचं शिक्षान घेऊन आलीया. ऐतवारी हितं येती. दाखवा की."

चंद्राबाई जयाला कडेवर घेऊन दोन कोस चालत गेली. सायरा दुकानामागच्या खोलीत बसली होती. पंचविशीची, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. तिनं जयाचा हात नुसता बघितला आणि सोडून दिला. मग चंद्राबाईला विचारत सुटली. पोर उठल्यावर पहिलं काय करते? तोंड कोण धुतं? परकर कोण नेसवतं? खेळते कशाशी? प्रत्येक उत्तराला चंद्राबाई म्हणत होती, "मीच करती."

"मग ती काय करती?" सायरानं विचारलं.

सायरानं चंद्राबाईचा उजवा हात तिच्याच पदरानं बांधला, पुढ्यात चहाची कपबशी ठेवली आणि म्हणाली, "प्या, वैनी." चंद्राबाईनं डाव्या हातानं बशी उचलली, अर्धा चहा लुगड्यावर सांडला, आणि तिला रडू आलं ते चहा पोळला म्हणून नव्हे.

"भरवनं बंद करा," सायरा म्हणाली. "जोवर तुमी भरवाल तोवर तिचा चांगला हातबी मेल्यासारखाच. डाव्यानं जेवू द्या. उजव्याला ताटली दाबून धरायचं काम द्या. काम असलं की हात जागा व्हतो."

चंद्राबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन बरोबर उलटं केलं. तिला डावा हात नकोच होता. हैबतरावाच्या नाकावर टिच्चून जेवायला उजवाच हवा होता. तिनं जयाचा डावा हात ओढणीनं मेढीच्या खांबाला बांधला आणि उजव्या मुठीत भाकरीचा तुकडा कोंबला. पोर रडली, तुकडा पडला. पुन्हा कोंबला. तीन आठवडे हा प्रकार चालला. जया वाळली, बोलेनाशी झाली, आईला बघितलं की अंग आणखी ताठ करायची.

चौथ्या रविवारी सायरानं मनगटावरचा वळ बघितला. गोठ्याची हकिकत तिनं मामाकडून ऐकली होती. तिनं आवाज चढवला नाही, पण चष्मा काढून ठेवला.

"वैनी, हे पोरीसाठी करताय का दिराला दाखवायला?"

"दिराला दाखवायला," चंद्राबाई म्हणाली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

"मग दिरालाच घेऊन या. पोरीला कशाला वनवन?"

इतकं तोडून तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. ती चिडली, वाटभर सायराच्या नावानं पुटपुटत आली आणि घरी येताच तिनं मेढीची ओढणी सोडून चुलीत घातली.

त्यानंतर सायरा महिन्यातून एकदा घरीच यायला लागली. तिनं गेणबालाही सोडलं नाही. त्याचा हात सुतारकामाला बरा होता, म्हणून त्याच्याकडून कडेला उभी पट्टी असलेला पाट करून घेतला, ताटली सरकू नये म्हणून. पावट्याच्या शेंगा सोलायला दिल्या: उजव्या मुठीखाली शेंग दाबायची, डाव्यानं दाणे काढायचे. पिठाचा गोळा दोन्ही हातांनी मळायचा, मग तो कसाही होऊ दे. "मदत कराया हात शिवशिवला की आपलेच हात धरून बसा," असं तिनं चंद्राबाईला बजावलं. चंद्राबाई खरोखरच हात काखेत धरून बसायची. पोर सांडायची, चुकायची, आणि आई दातओठ खात बघायची. या सगळ्या शिकवणीत हे बसून राहणंच तिला सगळ्यात जड गेलं.

दोन वर्षांत जया डाव्या हातानं जेवू लागली, उजव्यानं ताटली धरू लागली. परकराची नाडी एका हातानं आणि दातानं बांधायला शिकली. शाळेत गेली, डाव्या हातानं पाटीवर लिहू लागली. पण उजवा हात घास उचलण्याइतका कधीच झाला नाही. हैबतराव जेवायला बसला की जया आपलं ताट घेऊन आपण होऊन आत जायची. ते बघितलं की चंद्राबाई हैबतरावाची भाकरी तव्यावर आणखी करपू द्यायची. पोर शिकली, पण सूड राहिलाच.

सायरा लग्न होऊन मिरजेला गेली. आणि सहासष्टच्या सुगीत हैबतराव खळ्यावर उभ्या उभ्या कोसळला.

लकवा. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पुण्याला महिनाभर ठेवून त्याला गाडीत घालून परत आणलं. मुंबईच्या गिरणीतला लेक आठ दिवस राहिला आणि काकीच्या पाया पडून निघून गेला. आता हैबतरावाचं सगळं चंद्राबाईवर आलं.

पहिल्या दिवशी तिनं ताट आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. हैबतरावाचा उजवा हात मांडीवर लाकडासारखा पडलेला. डावा हात ताटाकडे निघाला, मध्येच थांबला आणि मागे गेला. डोळे ताटावर आणि डावा हात मांडीखाली दाबलेला. चंद्राबाईच्या एका क्षणात सगळं लक्षात आलं. 'डाव्यानं खा, चालतंय' एवढं कुणी म्हणण्याचा अवकाश, हा माणूस जेवला असता. आणि हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

ती म्हणाली नाही. आठ वर्षांचा अबोला मोडायचा आणि तो ह्याच्या सोयीसाठी? तिनं घास कालवला आणि भरवला.

मग रोज भरवत राहिली. सायरानं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते ते तिनं अगदी नेमानं केलं. त्याचं तोंड पुसलं. पाणी पाजलं. सदऱ्याचं बटण त्यानं चाचपलं की ते लावून मोकळी झाली. डावा हात त्यानं तांब्याकडे नेला की तांब्या उचलून ओठाला लावला. भरवायची वेळही तिनं हेरून ठेवली होती: ओसरीवर माणसं जमली की. घोटावड्याचे व्याही समाचाराला आले, तेव्हा तिनं त्यांच्यादेखत त्याच्या हनुवटीखाली फडकं बांधलं आणि लहान पोराला भरवावं तसा भात भरवला. हैबतरावाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. चंद्राबाईनं ते पदरानं टिपलं. तो तिच्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता, आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटली नाही.

"देवमानूस हाय बया," गावच्या साळूबाई म्हणाल्या. "सख्खी लेक करनार न्हाई एवढं दिराचं करती."

चंद्राबाईनं नम्रपणे मान खाली घातली. दिवसेंदिवस हैबतरावाचा डावा हातही मऊ पडत चालला होता. कूस बदलायलाही तो आता हाक मारायचा.

जया तेव्हा चौदा वर्षांची. ती बघत होती. एके दुपारी चंद्राबाई ताट घेऊन ओसरीवर आली, तर जया आपली ताटली घेऊन हैबतरावाशेजारी बसलेली. गोठ्यातल्या त्या दुपारनंतर ती त्याच्याजवळ कधी बसली नव्हती. उजवा हात ताटलीवर दाबून तिनं डाव्या हातानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली. मग त्याच्याकडे बघत म्हणाली, "आबा, आसं."

हैबतरावाची मान हलली. त्याचा डावा हात मांडीखालून निघाला आणि पुढे सरकला. चंद्राबाईनं झटकन हातातलं ताट मागे घेतलं.

"सांडंल त्ये. मी भरवती."

"आई, ठेव ताट."

"तुला काय कळतंय? जा आत."

जया आत गेली नाही. उठून आईला परसात घेऊन गेली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"तू का भरवतीयास, मला ठावं हाय."

"तुज्यापायीच करती," चंद्राबाई म्हणाली. "तुला जनावरात बसिवलं हुतं त्यानं. मी इसरले न्हाई."

"मीबी इसरले न्हाई. पन सायराबाईंनी माजा हात जागा कराया तुला शिकिवलं. त्याच शिकवनीनं तू त्यांचा हात मारतीयास. माजं नाव घिऊ नगस त्यात."

चंद्राबाईला वाटलं, पोरीला एक ठेवून द्यावी. हात उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ताट आणलं, हैबतरावाच्या डाव्या बाजूला, हात पोचेल असं ठेवलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"जेवा. मी भरवनार न्हाई."

ती उंबऱ्यावर जाऊन बसली, दोन्ही हात काखेत धरून. मागे भात सांडल्याचा आवाज आला. हैबतराव रागानं काहीतरी ओरडला, बहुतेक शिवीच होती. ती उठली नाही. तिच्या मनातला राग रतीभरही कमी झाला नव्हता. त्यानं पोरीला उचलून नेलेलं तिला अजून जसंच्या तसं दिसत होतं आणि त्याला ती माफ करणार नव्हती, मरेपर्यंत नाही.

चार दिवसांनी साळूबाई ओसरीवर आल्या. हैबतराव सदरा बरबटवून घेत, हनुवटीवर कालवण सांडत, एकटाच जेवत होता.

"अगं बया," साळूबाई चंद्राबाईला म्हणाल्या, "पांगळ्या दिराम्होरं ताट टाकून बसलीयास व्हय गं हितं? कट्टाळलीस एवढ्यात? दोन महिनं केलंस ते सगळं मातीत घातलंस की."

हैबतराव चावत राहिला. चंद्राबाईला सांगता आलं असतं. पण आता का भरवत नाही ते सांगायचं, तर आधी का भरवत होते तेही सांगावं लागलं असतं.

"व्हय, कट्टाळले," ती म्हणाली, आणि सूप ओढून तांदूळ निवडायला लागली.