आपांच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं

शाळेचा लॅपटॉप आपांनी बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

बेंबळीच्या पुढं आत वळून गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा लागते. तेव्हा आम्ही चौघं शिक्षक होतो: हेडसर, एक नवे गुरुजी, मी आणि आपा. आपा तिसरीला शिकवायच्या. त्यांना पोरं आपा, म्हणजे ताई, म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो आणि गावही म्हणायचं. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष राहिलं होतं.

गावानं शाळेला लॅपटॉप दिला तेव्हा तो सांभाळायला कुणी तयार नव्हतं. आपांनी स्वतःहून मागून घेतला. त्यांच्या डोक्यात एक काम होतं. वर्गातल्या पोरांनी घरी ऐकलेल्या गोष्टी त्यांनी वह्यांत लिहून घेतल्या होत्या, आणि त्या टाइप करून त्यांचं एक छोटं पुस्तक करायचं होतं. "जाताना शाळेत कायतरी ठेवून जावं म्हणते," एवढंच म्हणाल्या होत्या. ब्राउझरमध्ये मराठी टायपिंगचं एक पान मीच त्यांना उघडून दिलं होतं. एका बोटानं टाइप करायच्या. 'क्ष' सापडला की लहान पोरीसारख्या खूश व्हायच्या. "सर, घावला बरं का!"

शाळेत संगणकातलं कळणारा म्हणजे मी. माहिती भरायची सगळी कामं माझ्याकडंच असायची, आणि सगळ्यांना एक सवयही मीच लावली होती: सरकारी साइट एकदा उघडली की ती खिडकी, म्हणजे टॅब, बंद करायची नाही. पुन्हा आत जायला मिळेल न मिळेल. त्यामुळं आमच्या ब्राउझरमध्ये कायम पंधरा-वीस खिडक्या उघड्या असायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्या.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी त्या लॅपटॉपवर स्वतःसाठी सिनेमे उतरवून घेतले. त्यासाठी ब्राउझरला जोडायचं एक फुकटचं एक्स्टेन्शन टाकलं. ते वरच्या कोपऱ्यात दिसत होतं, म्हणून लपवूनही ठेवलं. शाळेच्या वस्तूवर सिनेमे, हे बरं दिसत नाही, एवढं मला कळत होतं.

सोमवारपासून ब्राउझर अडायला लागला. आपा दोन ओळी टाइप करायच्या की पडदा थिजायचा, ते गोल चक्र फिरत राहायचं, आणि मग 'थांबायचं की बंद करायचं' असं विचारणारी चौकट यायची. बंद केलं की टाइप केलेलं गेलं. आठवडाभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपलंच काही चुकत असेल असं त्यांना वाटत होतं. शेवटी मधल्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन ऑफिसात आल्या. आम्ही तिघंही तिथंच होतो.

"सर, जरा बघा की. लई अडतंय हो."

मी खुर्ची ओढून बसलो. माणसं बघत असली की माझ्या अंगात वारं शिरतं. आधी नेट बघितलं, ते ठीक होतं. लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मग वरच्या खिडक्या मोजल्या आणि मोठ्यानं म्हणालो, "आपा, एकोणीस! हे काय दुकान मांडलंय का?"

नवे गुरुजी हसले. मीही हसलो. मी पटापटा बंद करत सुटलो.

"सर, ती शेवटची नका... तीत गोष्ट हाय."

तोवर माझं बोट दाबून झालं होतं. त्यांनी पदर सारखा केला फक्त.

तरी ब्राउझर अडतच होता. साठलेलं सगळं साफ केलं, अपडेट केला, तरी नाही. मग मी ब्राउझरमधलंच ते कोष्टक उघडलं, ज्यात कोण किती मेमरी खातंय ते दिसतं. सगळ्यात वर, बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट आकडा घेऊन, माझं एक्स्टेन्शन बसलं होतं.

मला तिथंच सगळं कळलं. हेडसर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, पण त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "काय निघालं?" त्यांनी विचारलं.

माझी नोकरी जाणार नव्हती. हेडसर फार तर चार शब्द बोलले असते, नव्या गुरुजींनी चार दिवस चिडवलं असतं. एवढ्यालाच मी भ्यालो. कोष्टक बंद केलं आणि म्हणालो, "काय निघणार? आपा, कुठं कुठं बोट लावता हो तुम्ही? काय काय उतरवून ठेवलंय यात!"

"म्या तर काहीच..." आपा बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या, "लागलं असंल कुठंतरी. मला काय कळतंय त्यातलं."

"आवं, ह्या वयात नसती झंझट कशाला?" हेडसर म्हणाले. तसं ते प्रेमानंच म्हणाले. "गावाची वस्तू हाय. आजपासून सरांकडं राहू द्या."

आपांनी चार्जर गुंडाळला, वायरला रबर लावलं, आणि माझ्यापुढं ठेवला. "शुक्रिया सर. तुमचा लई वेळ खाल्ला."

घंटा झाली. सगळे वर्गावर गेल्यावर मी ते एक्स्टेन्शन काढून टाकलं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ब्राउझर पळत होता आणि हेडसर केंद्रातल्या इतर शाळांच्या शिक्षकांना माझं कौतुक सांगत होते.

पुस्तक झालं नाही. नऊ गोष्टी टाइप झाल्या होत्या, त्याच्या दुप्पट राहिल्या होत्या. मी एकदा म्हणालो, "आपा, या ना दुपारी, बसा." त्या म्हणाल्या, "नको सर, परत काय झालं तर?" मी पुन्हा आग्रह केला नाही. त्या लॅपटॉपसमोर बसल्या असत्या तर मला त्यांच्याकडं बघावं लागलं असतं. वर्ष सरलं, आम्ही शाल दिली, भाषणं झाली. माझ्या भाषणात त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो. पोरांच्या वह्या त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.

आता त्या येडशीला असतात. ईदला मी दरवर्षी जातो, शीरखुर्मा खाऊन येतो. यंदाही गेलो. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्याचा व्हिडिओ कॉल आला. सून आत तळत होती, तिचे हात भरलेले. "अम्मी, तेवढा हिरवा बटन ओढा ना," ती आतून ओरडली.

फोन आपांच्या समोरच वाजत होता. त्यांनी हात पुढं केला नाही. "तूच ये बाई. माझ्या हातून बिघडतं."

"फोन उचलल्यानं काय बिघडतंय, अम्मी?"

"विचार सरांना! शाळेचा अख्खा लॅपटॉप बंद पाडला होता म्या. सरांनी निस्तरलं." आणि माझ्याकडं बघून हसल्या. "व्हय की नाही, सर?"

फोन वाजून वाजून थांबला. सून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली. बोलायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. वाटी खाली ठेवायची आणि दोन वाक्यं बोलायची.

मी म्हणालो, "जाऊ द्या आपा, जुनं झालं." आणि हसलो.

परत येताना गाडीवर मला माझं ते हसू आठवत होतं. पहिल्यांदा भ्यालो होतो, ते मी स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण या वेळी भ्यायला काही नव्हतं. हेडसर कधीच बदलून गेले, सिनेमे मी पुसून टाकले, विचारणारं कुणी नाही. तरी मी आपांना तसंच समजत राहू दिलं. पोटच्या पोराचा फोन उचलायला त्या घाबरतात, आणि ते घाबरणं मी त्यांच्या हाताला लावलंय.

मी आपांचं देणं लागतो. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सुनेसमोर, दोष माझा होता हे सांगायचं. हेडसरांना आणि नव्या गुरुजींना फोन करून तेच सांगायचं. आणि त्या देतील तर त्या वह्या मागून घेऊन राहिलेल्या गोष्टी टाइप करायच्या. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.