दुर्गाबाईंचं वाण

दुर्गाबाईंकडं पिशवी मागायला गेलेल्या माणसाला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "पिशवीत काय जाणार?" उगाच "अशीच हवी हो, सगळ्याला चालेल अशी" म्हणालात तर संपलंच. "सगळ्याला चालंल अशी दुकानात मिळती. तिकडं जा," असं तोंडावर सांगून त्या पुन्हा मशीनवर बसतात. मोशीतल्या त्यांच्या सोसायटीत हे आता सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळं लोक येताना डबा, बाटली, छत्री, काय असेल ते हातात घेऊनच येतात.

आणि मग पिशवी अशी होते की बघत राहावं. मुलगा सुजित तळवड्याला कामाला जातो, त्याच्या डब्याच्या पिशवीचा तळ इतका घट्ट बेतलेला की मोटारसायकल कितीही खड्ड्यांतून गेली तरी आमटी सांडत नाही. भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीला वेगळा कप्पा, म्हणजे टोमॅटोखाली तिचा जीव जात नाही. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, तर त्यांच्या औषधांच्या पिशवीला सकाळच्या कप्प्यावर मोठं बटण आणि रात्रीच्यावर छोटं. बाळंतिणीला द्यायची पिशवी असेल तर आतून जुन्या सुती साडीचं अस्तर. बंद तर असे शिवतात की माणूस लटकला तरी तुटायचे नाहीत. चौकोनी टीप, आत फुली, वर पुन्हा उलट टीप.

हा हात भोसरीला तयार झाला. नवरा भैरू हयात होता, चाकणला कंपनीत जायचा, तेव्हा दुर्गाबाई एका छोट्या युनिटमध्ये कामगारांचे हातमोजे शिवायच्या. हातमोजे शिवणारीला पिशवी म्हणजे पोरखेळ. पिशवीला बोटं कुठं असतात!

कापड कधी विकत आणत नाहीत. जुन्या जीन्स, सुजितचे कंपनीचे शर्ट, पडदे, आणि ब्लाउजपीस. ब्लाउजपीस हा प्रकारच असा की तो शिवायला कुणी घेत नाही, पुढं ढकलायला घेतात. हिनं तिच्या ओटीत घालायचा, तिनं तिसरीच्या. एकेक तुकडा साऱ्या पुणे जिल्ह्याची यात्रा करून येतो. दुर्गाबाईंच्या सुनेच्या, स्वप्नालीच्या ओटीतून तो घरात शिरला की मात्र त्याचं फिरणं बंद. त्याची पिशवी होते आणि ती कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन मार्गाला लागते.

विकतात का? नाव काढू नका. एकीनं ऑनलाइन विकायचं सुचवलं होतं. "जिला वळखत न्हाई तिच्या डब्याचं माप मी कुठनं आणू?" असं विचारून दुर्गाबाईंनी तिला गप्प केलं. घरच्यांसाठी, गोतावळ्यासाठी, शेजारपाजाऱ्यांसाठी शिवायचं आणि हातात ठेवायचं. समोरच्याचा चेहरा उजळला की यांची छाती फुगते. गर्व आहे, आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटत नाही.

तर यंदा संक्रांत जवळ आली आणि सोसायटीच्या हळदीकुंकवाचा विषय निघाला. हे सगळं सुमनताई बघतात. कामसू बाई, पण जरा सगळ्यांना सांभाळून घेणारी. मागच्या वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले होते, त्यांची झाकणं बसता बसेनात. त्याच्या आदल्या वर्षी चहाची गाळणी. या वेळी स्वप्नाली मीटिंगमध्ये उठून म्हणाली, "आमच्या आई पिशव्या शिवतील." घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा दुर्गाबाई वरवर करवादल्या. "मला न इच्यारता कबूल करून आलीस व्हय गं?" पण मनातून इतक्या खूश झाल्या की त्याच दुपारी त्यांनी ब्लाउजपिसांचं गाठोडं सोडलं आणि कात्री चालवायला बसल्या. सगळ्या बायका आपल्या हातची पिशवी घेऊन बाजाराला जाणार, याचं त्यांना भारी वाटलं.

मदतीला तनुजा यायची. तनुजा वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. माहेर लातूरकडचं. नवरा गणराज तीन वर्षांपूर्वी नाशिक रस्त्यावर अपघातात गेला. पोरगी तिशीचीही नाही. माहेरचे घेऊन जायला आले होते, पण ही गेली नाही. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर लागली. पहिल्या दिवशी कामावर जाताना खांद्यावर दुर्गाबाईंनीच शिवलेली पिशवी होती. तेव्हापासून ती त्यांना मावशी म्हणते, आणि शिफ्टवरून आली की चहा प्यायला खालीच येते.

त्या संध्याकाळी दुर्गाबाई टीप मारत होत्या, तनुजा शिवलेल्या पिशव्या उलटवून पेन्सिलीनं कोपरे बाहेर काढत होती, आणि स्वप्नालीच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज आला. तिनं हौसेनं मोठ्यानं वाचायला घेतला. "सर्व सुवासिनींना हळदीकुंकवाचं सप्रेम आमंत्रण. यंदाचं खास आकर्षण, आपल्या दुर्गाकाकूंच्या हातच्या पिशव्यांचं..." आणि तिची जीभ अडखळली. वाण हा शब्द तोंडातच राहिला.

कारण सुवासिनींना आमंत्रण होतं. आणि त्या खोलीत बसलेल्या तिघींपैकी दोघींना नव्हतं.

स्वप्नालीचा चेहरा पांढरा पडला. बिचारीच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. सासूच्या हातचं वाण कबूल करून आली, आणि सासूला त्या हॉलमध्ये पाऊल टाकायची सोय नाही, हे डोक्यातच नाही. तनुजा कोपरा काढता काढता, कुणी काही विचारलं नसताना म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट आहे."

दुर्गाबाईंना ठाऊक होतं. सेकंड शिफ्ट लागलेली नसते, ती मागून घेतलेली असते. दर संक्रांतीला ही पोर सुपरवायझरच्या पाया पडून दुपारची शिफ्ट मागते, म्हणजे बायका नटून जिना उतरतील तेव्हा आपण बिल्डिंगमध्येच नको.

स्वतःचं दुर्गाबाईंनी केव्हाच गिळलं होतं. भैरू गेला, ओटी बंद झाली, कुंकू बंद झालं, आणि "आमचं काय आता, झालंय आमचं" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. पण या पोरीचं ते बोलणं ऐकलं आणि त्यांना राग आला. खराखुरा, पायाच्या तळव्यापासून मस्तकापर्यंत. त्यांनी मशीनवरचा पाय काढला आणि त्या दिवशी पुन्हा टीप मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सुमनताई पिशव्या बघायला आल्या. खणाच्या काठाच्या, जांभळ्या, आमसुली, एकेक हातात घेऊन "अगंबाई! कित्ती सुंदर!" करत राहिल्या.

"झाल्यात की छान," दुर्गाबाई म्हणाल्या. "पण जायच्या न्हाईत."

"म्हणजे हो काकू?"

"जिथं मला बोलावणं न्हाई तिथं माझी पिशवी जाणार न्हाई. एवढंच."

सुमनताई गडबडल्या. "असं काय करता काकू! तुमचं वाण मी स्वतः घरी आणून देणार होते."

"मीच शिवलेली पिशवी मलाच घरपोच? मी काय खुळी हाय?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "आणि माझं सोडा. माझं निम्मं आयुष्य गेलं. ती वरची पोर तुमाला दिसत न्हाई का? तिचा नवरा गेला, त्यात तिचा काय गुन्हा? पिशव्यांचे सगळे कोपरे तिनं काढलेत. तिचे हात चालले, कपाळ चालत न्हाई व्हय?"

सुमनताई खाली बघत म्हणाल्या, "माझं काही नाही हो. मला पटतं. पण आमच्या घरी सासूबाई आहेत. जुन्या वळणाच्या. त्यांना नाही चालायचं. घरी हळदीकुंकू असलं की त्या आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसतात, तुम्हीच सांगा मी काय करू?"

"ताकाला जाऊन भांडं नका लपवू, सुमनताई. सासूला कधी इच्यारलंत?"

सुमनताईंनी मान हलवली. नाही.

"मग चला."

आणि बाई उठल्याच. मागून स्वप्नाली "आई, अहो आई" करत राहिली, पण दुर्गाबाई लिफ्टपर्यंत पोचल्यासुद्धा होत्या.

सुमनताईंच्या सासूबाई, सगळ्यांच्या आजी, गॅलरीत मेथी निवडत होत्या. दुर्गाबाईंनी ना पाणी घेतलं, ना खुर्ची. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आजी, यंदाच्या हळदीकुंकवाला मी यीन म्हणते. ती वरची तनुजा पण. तुमाला चालंल का न चालंल, सरळ सांगा. आणि तुमी येणार का, ते बी सांगा."

आजींचे हात थांबले. मग म्हणाल्या, "मला कुणी बोलावलंच न्हाई कधी. न बोलावलेल्यानं नको कसं म्हणायचं?"

"अहो पण आई," सुमनताई म्हणाल्या, "तुम्हीच आपण होऊन आत जाऊन बसता!"

"बसू न्हाई तर काय करू? पहिल्या वर्षी माझ्या सासूनं बसवलं. मग बसत गेले. तुला वाटलं मला आवडतं, मला वाटलं मी बाहेर बसलेली तुला नको." आजींनी मेथीची एक काडी उगाचच मोडली. "आतनं सगळं ऐकू येतं गं सुमन. कोण काय उखाणा घेतं, कुणाचा चुकला, सगळं. तुमी हसला की मी बी हसायची, आतल्या आत."

सुमनताईंच्या डोळ्यांना धार लागली. एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या दोघी, आणि इतकी वर्षं एकमेकींना घाबरून गप्प! त्यांनी तिथंच पदरानं डोळे पुसले आणि ग्रुपवर नवा मेसेज टाकला. सर्व महिलांना आमंत्रण. सर्व. दोनचार जणींनी नाकं मुरडली, एकीनं फोन करून "हे काय नवीन?" विचारलं. मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत, नाकं त्यांचीच आहेत.

आता खरी अडचण उरली तनुजाची. दुर्गाबाईंनी तिला सांगितलं, शिफ्ट बदलून घे. ती पटकन हो म्हणेल असं वाटलं होतं, पण तिनं मान हलवली.

"नको मावशी. बोलावलं म्हणून मी यायचं, आणि कुंकू लावताना कुणाचा हात कचरला तर? माझ्यासमोर कुणी जराशी थांबली तर? ते मला नाही सहन व्हायचं. त्यापेक्षा कंपनी बरी. मशीन असला भेद करत नाही."

दुर्गाबाईंनी तिला जवळ ओढलं. "मी लावीन. माझा हात कचरायचा न्हाई."

हळदीकुंकवाच्या दिवशी सोसायटीचा हॉल काळ्या साड्यांनी भरून गेला. तिळगूळ, अत्तर, पोरींची पळापळ, फोटो. आजी पहिल्या रांगेत खुर्ची अडवून बसल्या होत्या, सगळ्यांच्या आधी येऊन. तनुजा आली ती दारातच थबकली. दुर्गाबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन थेट दारात गेल्या. भैरू गेल्यापासून त्यांनी करंड्याला बोट लावलं नव्हतं. त्यांनी तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, ठळक, लांबून दिसेल असं, आणि वाण म्हणून पहिली पिशवी तिच्या हातात ठेवली. मग तनुजानं तोच करंडा घेऊन त्यांना लावलं. सुमनताई पुढं झाल्या आणि रांग हलली. दुर्गाबाईंची मान त्या दिवशी अशी ताठ होती की एरवी दुखणारा मणका त्यांना आठवलासुद्धा नाही.

मग उखाणे सुरू झाले. एकेकीनं नाव घेतलं, कुणी लाजत, कुणी ठसक्यात, स्वप्नालीचा तर मधेच विसरला आणि हशा झाला. पाळी फिरत फिरत तनुजापाशी आली, आणि कुणाचाही वाईट हेतू नसताना, सवयीनं, तिला ओलांडून पुढं गेली.

"थांबा," दुर्गाबाई म्हणाल्या. "हिचं राहिलं."

तनुजानं मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले. तीन वर्षं नवऱ्याचं नाव तिनं कुणापुढं मोठ्यानं घेतलं नव्हतं. मग तिनं एकदा दुर्गाबाईंकडं बघितलं, आणि म्हणाली,

"चाकणच्या रस्त्याला कंपन्यांच्या रांगा,
गणराजरावांची बायको आहे मी, खुशाल साऱ्यांना सांगा."

दुर्गाबाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजी म्हणाल्या, "नीट ऐकू न्हाई आलं गं पोरी. पुन्यांदा घे. जरा मोठ्यानं."

आजींना ऐकू उत्तम येतं, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तनुजा उठून उभी राहिली आणि तिनं गणराजचं नाव पुन्हा घेतलं, बाहेर गेटवर बसलेल्या वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.