मागच्या चाकांचं वजन

अन्याय झाला माझ्या आत्यावर. गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, धुळ्यात हायवेलगतच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात. करणारे दोघे होते. एक दुकानदार, दुसरा मी.

आत्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. तिच्याकडे दोन सीटची, टप उघडणारी जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आहे. चालवते ती, खाली घुसून ग्रीस भरते तीच. मला गाडी चालवता येत नाही. मी पत्रकं लिहितो आणि चौकात वाटतो. बायकांचं ऐकून घ्या, असंही एक वाटलेलं आहे.

मागचे दोन्ही शॉकअप गळत होते. डिकी दाबून सोडली की गाडी चारदा डुलायची. आत्याचा मणका आधीच दुखरा. पुण्यातल्या तिच्या मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत हे दणके थांबले नाहीत तर गाडी विकायची. गिऱ्हाईकसुद्धा त्याने बघून ठेवलं होतं.

आत्याने काढून आणलेला शॉकअप काउंटरवर ठेवला. "याच्या मापाचे दोन हवेत."

दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी कोणती, साहेब?"

गाडी तिने सांगितली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बसा ना, चहा सांगतो." मग माझ्यासमोर त्याने दोन प्रकार मांडले. एक साधा तेलाचा, एक गॅसचा, कडक, पिवळाधमक. "स्पोर्ट्स गाडी म्हटल्यावर कडकच पाहिजे, साहेब. आपले रस्ते बघताय ना?"

"मागून हलकी आहे गाडी," आत्या खुर्चीतून म्हणाली.

"आत्या, त्यांचं रोजचं काम आहे हे. कडकच द्या हो."

हे शेवटचं वाक्य माझं. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर खपवणार नाही.

लांबी जुळली, बोल्ट बसले. दुसऱ्या दिवशी सोनगीरपर्यंत गेलो. गतिरोधकावर गाडी आधी डुलायची, आता उडाली. तिसऱ्या गतिरोधकानंतर आत्याने गाडी कडेला घेतली, उतरली आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. सोनगीरच्या किल्ल्याकडे तोंड होतं, पण किल्ला बघत नव्हती.

"याला दाबायला वजन लागतं," ती म्हणाली. "ते मागे नाहीच. काल मी तेच सांगत होते."

परतताना तिने गाडी एका जिनिंगच्या भुईकाट्यावर वळवली. कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. आमचा नंबर आल्यावर तिने फक्त मागची चाकं काट्यावर घेतली आणि स्टिअरिंगमागे बसून राहिली.

काटेवाला खिडकीतून वाकला. "अक्का, माल कोठे शे?"

"माल मीच शे. कर वजन."

मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओलावा देखी ल्या रे भाऊ!" ओल्या कापसाचा भाव कापतात. सगळ्यात आधी आत्याच हसली.

मागच्या चाकांवर साडेचारशे किलोही भरलं नाही. चिठ्ठी घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने ती उचलली आणि सवयीने माझ्यापुढे धरली.

"भाऊ, त्याला चिठ्ठी वाचता येते," आत्या म्हणाली. "गाडी येत नाही."

मी गप्प बसलो. दोन दिवसांतलं माझं तेवढंच उपयोगी काम. मग त्याने पहिल्यांदा तिला विचारलं, "डिकीत काय असतं, ताई?"

"पाना, जॅक आणि पाण्याची बाटली."

तो पिवळा शॉकअप मागे माल भरणाऱ्या गाडीसाठी होता, हे त्याने स्वतःच कबूल केलं. साधे तेलाचे दिले. ते आत्याने त्याच्यासमोर पूर्ण दाबून आणि पूर्ण ताणून, दोन्ही वेळा मोजले. संध्याकाळी बसवले. डिकी दाबून सोडली. गाडी वर आली आणि थांबली.

पुन्हा सोनगीर. या वेळी ती कडेला थांबली नाही. घरी येऊन मुलाला फोन केला. "त्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग," एवढंच बोलली आणि चहा टाकायला गेली.

आता तुमच्याकडे एक मागणी आहे, विनंती नाही. गाडी चालवणाऱ्या बाईसोबत तुम्ही दुकानात जाल, प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि तुम्हाला उत्तर सुचेलही. ते गिळा. तिच्याकडे बोट करा आणि ती बोलायची थांबेपर्यंत तोंड उघडू नका.