जिन्याची जागा

आमच्या स्वयंपाकघराच्या छताला कोपऱ्यात एक चौकोन आहे. बाकीचं छत एका रंगाचं आणि तेवढा चौकोन वेगळा. वरून कितीही रंग मारला तरी तो दिसतोच. तिथून जिना निघायचा होता.

आधी आमचं घर कौलारू होतं. कळंबला, सुरूच्या झाडांच्या अलीकडे. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे मासळी वाळवायला अंगण. मुलाचं लग्न झालं तेव्हा पडवीला पत्रे ठोकून त्याला खोली करून दिली. सून नालासोपाऱ्याची, इमारतीत वाढलेली. तिने कधी तक्रार केली नाही. पण नात झाली आणि पावसाळ्यात पत्र्याचा एवढा आवाज व्हायचा की बाळ दचकून उठायचं, मग पुन्हा झोपायचं नाही. शेवटी ती तिघं नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत गेली.

"थोडे दिवस, आई," मुलगा म्हणाला.

नात तेव्हा रांगत होती. चालायला ती तिकडेच शिकली. मला मोबाइलवर दाखवलं.

म्हणून घर वाढवायचं ठरलं. कौलं काढायची, स्लॅब टाकायचा आणि त्यावर त्यांच्यासाठी एक चांगली मोठी खोली बांधायची. खोली झाली की ती परत येणार होती. मुलगाही तसंच म्हणाला होता आणि सूनही.

घर बांधताना माणसांना काय काय हवं असतं. मुलाला मोठी खिडकी हवी होती, सुनेला संडास वरच हवा होता. मला एवढंच हवं होतं की जिना घरातून निघावा. आमच्याकडे बायका जिना बघून घर ओळखतात. जिना आतून असेल तर चूल एक. बाहेरून असेल तर वरची माणसं वेगळी, नाहीतर भाडेकरू. माझ्या जावेच्या घराला बाहेरून जिना आहे. तिचा मुलगा रोज तिच्या दारावरून वर जातो. चपलांच्या आवाजावरून ती ओळखते, आज तो दमून आलाय की पिऊन.

तीच मला म्हणाली, "जिना आत घे गो बाय. भायेर घेतलास तर पोरगा तुला गॅलरीतूनच दिसंल, मतं मागनाऱ्यासारखा हात हलवताना."

मी हसले. पण ते मनात बसलं.

हे मी घरात कोणापुढे बोलले नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. शाळेत उत्तर येत असायचं तरी हात वर व्हायचा नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. लग्नानंतर मासळीची टोपली घेऊन बाजारात बसले, पण गिऱ्हाइकाला हाक मारायला तोंड उघडेना. मग विकायला माझी जाऊ जायची आणि मी घरी बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायची. बोंबलांशी बोलावं लागत नाही.

ह्यांना मात्र न सांगता कळलं. हे जन्मभर होडीवर. गुडघे गेले तेव्हापासून किनाऱ्यावर बसून जाळी शिवतात. एका रविवारी मुलगा, सून, नात आली होती. ओहोटी लागली होती. ह्यांनी होडीची दोरी घेतली, काठी घेतली आणि ओल्या वाळूवर घर काढायला बसले. दोन्ही हात पसरून एक वाव मोजायचा आणि दोरीला गाठ मारायची. आमच्यात सगळं वावानेच मोजतात, जाळ्याची लांबी आणि पाण्याची खोलीसुद्धा.

"ही पुढची खोली. हा सैपाक. हा तुझा कोपरा," मला म्हणाले. "आनि हतून जिना. एक वाव पुरं."

एक ओळखीचा माणूस वाटेने जात होता. तो ओरडला, "तांडेल, कोनाची कबर खनतंस?"

"सुनेचा म्हाल बांधतंय," हे म्हणाले. "बाजूनं चाल, भिंत पाडशील."

सगळे हसले. जिन्याच्या जागी ह्यांनी काठीने आडव्या रेघा मारल्या, पायऱ्यांच्या. नातीने एकेका रेघेवर उडी मारली आणि शेवटच्या रेघेवर उभी राहून म्हणाली, "आजी, मी वर आले!" मी खालच्या रेघेपाशी होते. सून म्हणाली, "आई, जिना आतूनच बरा. ही सकाळी उठली की सरळ खाली तुमच्याकडे."

त्या दिवसापासून मी तो जिना मनात बांधून टाकला. जिन्याखाली सुक्या मासळीचे डबे ठेवायचे. पहिल्या पायरीवर नातीला बसवून भाकरी द्यायची. कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं, पण मी चुलीपाशी बसल्या बसल्या वर बघायची, तेव्हा कौलंच होती तरी.

मग काम सुरू झालं. मिस्त्री बाहेरचा होता, चांगला माणूस. ह्यांनी त्याला गाठी मारलेली दोरी दिली. त्याने ती फुटात मोजून भिंतीवर लिहून घेतली. भिंती वर चढायला लागल्या तेव्हा मुलगा एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "उंची वाढवा. खाली आई-बाबांना घुसमटायला होईल, पंखा डोक्यावर येईल." भिंती आणखी वर गेल्या. आम्हालाही बरं वाटलं. मुलाने आमचा विचार केला म्हणून मी त्याला दोन बांगडे जास्त वाढले.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने वर चढून जिन्यासाठी सोडलेली जागा बघितली. मग खाली वाकून ह्यांना विचारलं, "चाचा, इतना ही छोड़ना है?"

"दोरी दिलीय ना?" हे म्हणाले. "दोरी खोटं बोलत नाय."

आमच्या माणसांना लांबी कळते आणि खोली कळते. जाळं किती लांब, पाणी किती खोल, हे हात पसरून बिनचूक सांगतील. वर किती, हे कोणी कधी मोजलं नाही. वर आभाळ असतं.

स्लॅबच्या दिवशी नारळ फोडला. मिक्सरचा आवाज दिवसभर चालला होता. जाऊ आणि मी कामगारांसाठी भात आणि कोलंबीचं कालवण केलं. संध्याकाळी सगळं शांत झालं तेव्हा मी लाकडी टेकूंमधून वाकत स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात डोक्यावर चौकोनी आभाळ होतं. पुढे बरेच दिवस स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवलं होतं आणि त्या चौकोनातून ऊन खाली माझ्या चुलीपर्यंत यायचं. घर बांधताना मला सुख झालं ते तेवढे दिवस.

टेकू निघाले आणि मिस्त्रीने पायऱ्यांचं माप घ्यायला भिंतीवर तिरकी रेघ मारली. रेघ तिरकी कसली, उभीच होती. तो म्हणाला, "सीढ़ी खड़ी बनेगी. बहुत खड़ी." उंची वाढली होती आणि खालची लांबी वाळूवर मोजली तेवढीच राहिली होती. मधे एवढी माणसं येऊन गेली, कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी ती तिघं आली. जिना जसा झाला असता तशी मिस्त्रीने तिथे शिडी लावली. सून नातीला कडेवर घेऊन चढली. मी खाली हात पसरून उभी राहिले. वर गेली ती बरी गेली. उतरताना तिला तोंड भिंतीकडे करावं लागलं, होडीतून उतरतात तसं. एका हाताने शिडी, एका हाताने पोर. नात रडायला लागली.

खाली आल्यावर सून म्हणाली, "आई, एकटी असेन तर उतरेन हो मी. हिला घेऊन नाही जमणार. आणि ही पळत सुटली तर?"

ती खरं तेच बोलत होती. मला तिचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

मुलाने विचारलं, जागा मोठी करता येईल का. मिस्त्रीने वर बोट दाखवलं. एका बाजूला बीम. "बीम काटेगा तो घर बैठ जाएगा." दुसऱ्या बाजूला जिना वळवता आला असता, पण तिथे माझी चूल आणि ओटा.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, "मी चूल मागं पडवीत नेते."

माझा आवाज लहान असला तरी मुलाने ऐकलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, तू कुठे पडवीत गळक्या पत्र्याखाली बसणार? आम्ही आरामात वर, आणि तू तिकडे? बाहेरून काढू ना जिना. झटपट होईल."

"मला चालंल," मी म्हटलं.

"मला नाही चालणार," तो म्हणाला.

तो माझ्या भल्याचंच बोलत होता. ह्यांनी दोरी आणली, चौकोनाखाली उभं राहून हात पसरले, पुन्हा एकदा मोजलं. "दोरी बरोबर हाय," म्हणाले, आणि अंगणात जाऊन बसले.

बाहेरून जिना झाला. स्टीलचं चकचकीत रेलिंग लावलं. खोलीही छान झाली. पण येणं पुढे गेलं. आधी पावसाळा संपू दे म्हणाले, मग नातीला तिकडच्या बालवाडीत घातलं. मग मुलगा म्हणाला, "आई, बंद खोलीला खारी हवा खाते. जिना बाहेरूनच आहे, शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या लोकांना देऊ. तुला कोणाशी बोलायला नको, मी फोनवर सगळं ठरवीन." तेही माझ्या भल्याचंच.

आता मी वरच्या चादरी धुते. माणसं येतात, वाळूचे पाय घेऊन माझ्या दारावरून वर जातात. एखादं लहान मूल वर धावायला लागलं की माझी मान आपोआप कोपऱ्याकडे जाते.

तो चौकोन वरच्या खोलीबाहेर, उघड्या गॅलरीत येतो; मिस्त्रीने तो नंतर भरून दिला. तेव्हाच म्हणाला होता, "जोड़ है, थोड़ा पसीजेगा." नवं सिमेंट जुन्याला धरून राहत नाही, सांध्यातून पाणी पाझरतं. ह्यांनी वर जाऊन होडीची फट भरतात तसा कापूस आणि डांबर भरलं. होडीत पाणी येत नाही, घरात येतं. पावसाळाभर तिथे पातेलं ठेवावं लागतं.

गेल्या श्रावणात ती तिघं आली. राहायलाच आली होती, पिशवीत नातीचे कपडे होते. वरची खोली मुलाने चुकून त्याच दिवशी पाहुण्यांनाही कबूल केली होती, आणि लोक येऊन बसले होते. मी म्हटलं, खाली झोपा सगळे. खाली दोन खोल्या आहेत, माणसं मावतात. पण सून म्हणाली, "नको आई, तुमची दाटी होईल. पुढच्या वेळी."

चहा होईपर्यंत नात स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली. पातेल्यात थेंब पडत होते. तिने वर बघितलं.

"आजी, तिथे काय होतं?"

"जिना."

"कुठे गेला?"

उंबऱ्यावर जाळं शिवत बसलेले हे म्हणाले, "भरतीनं नेला."

नातीला ते पटलं. वाळूवरचं घर तिला आठवत नाही, तेव्हा ती फार लहान होती. चहा पिऊन ती तिघं रिक्षाने गेली. वरच्या पाहुण्यांनी गॅलरीतून नातीला हात हलवला, तिनेही हलवला. मी आत आले. पातेलं भरत आलं होतं. ते मोरीत ओतलं आणि पुन्हा चौकोनाखाली सरकवून ठेवलं.