पलंगापासून माठापर्यंत

भोकरदनच्या आमच्या घरात शहाबादी फरशी होती. ओबडधोबड, कितीही पुसली तरी मळकी दिसणारी. ती काढून टाईल बसवायचं मी ठरवलं. वडिलांची नजर काचबिंदूनं गेली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण घरात ते कुणाचा हात न धरता फिरत. ते कशाच्या आधारानं फिरतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

टेप घेऊन मी चारही खोल्या मोजल्या. चारशे छप्पन्न चौरस फूट. तुटफूट दहा टक्के धरून बत्तीस पेट्या. खोलीगणिक वेगळी टाईल घेतली तर तुकडे जास्त वाया जात होते, म्हणून सगळीकडे एकच आणली. दोन बाय दोनची, चकचकीत, सांधा नखालाही न लागणारी.

मिस्त्री म्हणाला, "बाबा, काच हाय काच. तोंड दिसंल."

"मला कुणाचं तोंड बघायचं राह्यलंय आता?" वडील म्हणाले. सगळे हसले. मग मला म्हणाले, "माठापाशी ती खचलेली फरशी हाय ना, तेवढी राहू दे."

"दादा, मधीच एक जुनी? लेव्हल बराबर येणार न्हाई," मी म्हणालो.

"बरं मंग."

जुन्या फरश्या फोडून ट्रॉलीत गेल्या. काम संपलं त्याच्या दुसऱ्या सकाळी वडील पलंगावरून उठले, पाच-सहा पावलं चालले आणि थांबले. तळव्यानं जमीन चाचपत राहिले.

"काय झालं, दादा?"

"नऊ सांधे व्हते. नवव्याच्या म्होरं पाय खाली जायचा, की डाव्या हाताला माठ. आता सांधाच लागंना."

मी भिंतीला धरायला पाइप लावला. पण मध्ये दोन दारं येत. पहिल्या दारापाशी पाइप संपला की ते तिथूनच मागं फिरत. मग पलंगाशी पाण्याचा तांब्या ठेवू लागलो. संध्याकाळी पाहावं तर तो जवळजवळ भरलेलाच.

"तहान लागत न्हाई का ह्यांना?" मी बायकोला विचारलं.

"लागती ना. पण पाणी प्यालं की उठावं लागतं. उठायचं तर हात धरायला कुणाला तरी हाक मारावी लागती. म्हणून पीत न्हाईत."

ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. टाईल एकही तडकलेली नाही.