अंजनाबाईंच्या नावापुढे ‘शॉर्ट’

अंजनाबाई सोमकुवरांचा इंग्रजी शब्दांवर भरवसा नव्हता, आणि त्याला कारण होतं. त्यांचा नवरा लहानू हिंगण्याच्या एका कारखान्यात तेरा वर्षं होता. कारखाना आवरता घेतला तेव्हा साहेबाने त्याच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर ‘फुल’ हा शब्द होता. फुल म्हणजे भरलेलं, पूर्ण, एवढं लहानूला ठाऊक होतं. आपल्याला सगळं पूर्ण मिळणार असं समजून त्याने सही केली. पुढे कळलं, की ते ‘फुल अँड फायनल’ होतं; आपलं आता काहीच येणं नाही, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

तेव्हापासून अंजनाबाई इंग्रजी शब्द दिसला की आधी त्याच्या मागे काय दडलंय ते बघायच्या. नागपूरजवळ वाडीच्या ज्या गोदामात त्या पाच वर्षं पॅकिंगला होत्या, तिथे मापाच्या शब्दांचा नुसता सुकाळ होता. रॅकवर स्मॉल, मिडियम, लार्ज. मोठ्या खोक्यांवर बल्क. अंजनाबाईंची नजर अशी, की खोकं पाहूनच ते कोणत्या कप्प्यात मावेल ते सांगायच्या. वीत लावायचीही गरज पडायची नाही. पण बिग म्हणजेही मोठं आणि लार्ज म्हणजेही मोठं, हे त्यांना पटत नसे. एका मोठ्याले इतकी नावं काहून लागतात, असं त्या शामलाला म्हणायच्या.

शामला म्हणजे चार नंबरच्या टेबलावरची त्यांची जोडीदारीण. दोघी समोरासमोर उभ्या राहून काम करायच्या आणि दुपारी एकाच कागदावर डबे उघडायच्या. दिवाळीनंतर त्यांच्या टेबलावर केसांच्या क्लिपा आल्या. शामलाने खोकं फोडायचं, दोघींनी बारा-बारा क्लिपांची पाकिटं भरायची, स्कॅनर लावायचा आणि सरकत्या पट्ट्यावर सोडून द्यायचं. किती पाकिटं झाली ते संगणकात जमा व्हायचं. दोघींना त्याचा आकडा कधी दिसत नसे.

आठवडाभराने दाराजवळच्या पांढऱ्या फळ्यावर अंजनाबाईंना आपलं नाव दिसलं. टेबलाची जबाबदारी त्यांच्याकडे, म्हणून नाव त्यांचंच. पुढे लाल अक्षरात एक शब्द आणि सत्तावन्न हा आकडा. त्यांनी अक्षरं एकेक करून तळहातावर उतरवून घेतली आणि घरी प्रीतीला दाखवली. प्रीती त्यांची मुलगी, मनीषनगरात एका औषधाच्या दुकानात कामाला. ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. ‘शॉर्ट’ म्हणजे ठेंगणा, असं तिने सांगून टाकलं.

अंजनाबाई खरोखरच ठेंगण्या होत्या. पण उंची फळ्यावर लिहायची गोष्ट आहे का, हे त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी आकडा शहात्तर झाला होता. माणसाची उंची रोज बदलत नाही. संध्याकाळी सुटताना दारावरच्या पहारेकरी बाईने बाकीच्यांच्या पिशव्या वरवर चाचपल्या आणि अंजनाबाईंचा डबासुद्धा उघडून पाहिला.  घरी येऊन त्यांनी प्रीतीला पुन्हा विचारलं, या वेळी फळा, आकडा, पिशवी सगळं सांगून.

प्रीतीने मोबाइल खाली ठेवला. “आई, शॉर्ट म्हणजे कमी पण होते. माल कमी भरून राहिला. त्याहिले वाटते, तू नेऊन राहिली.”

त्या रात्री अंजनाबाईंना भाकर गोड लागली नाही. आपण एक क्लिपही उचलली नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग टेबलावर दुसरं होतं कोण? शामला. आणि एकदा हा विचार मनात शिरला तसे त्याला पाय फुटले. खोकं शामलाच फोडते. पाणी प्यायला तीच दोनदा जाते. सोमवारी तिच्या केसात नवी हिरवी क्लिप होती, खोक्यात असते अगदी तशीच. पाच वर्षांत जे डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं ते सगळं आता दिसायला लागलं. त्यांनी डबा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसायला सुरुवात केली. पोटात बरं नाही, असं सांगितलं. शामलाने एकदा रोखून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचाही अंजनाबाईंनी अर्थ लावलाच.

फळ्यावरचा आकडा कमी-जास्त होत राहिला. रविंद्र सर, पुण्याहून आलेले नवे मॅनेजर, टेबलाजवळ येऊन नुसते उभे राहायचे.

मग शामला नात्यातल्या लग्नासाठी एक दिवस खापरखेड्याला गेली. अंजनाबाई टेबलावर एकट्या होत्या. आज त्यांनी मनाशी ठरवलंच होतं. पहिलं खोकं स्वतः फोडलं आणि प्रत्येक पाकिटामागे एक रेघ ओढत गेल्या. एकशे पंचवीस पाकिटं भरली, क्लिप एकही उरली नाही. दुसरं खोकं: पुन्हा एकशे पंचवीस. तेवढंच काम झालं त्या दिवशी. सुटताना फळ्यावर लिहिलेलं होतं, शॉर्ट अडतीस.

अंजनाबाई फळ्यासमोर थांबल्या. आज शामला नव्हती, आणि चोरी तर नव्हतीच. दोन खोक्यांत अडतीस, म्हणजे एकात एकोणीस. दोन्ही खोक्यांतून अगदी सारखे एकोणीस कमी? चोराचा हात इतका बेतून पडत नाही. एकशे पंचवीस आणि एकोणीस किती होतात, ते त्यांनी बोटांवर केलं. एकशे चव्वेचाळीस. हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी त्यांची आई इतवारीच्या एका व्यापाऱ्यासाठी पुठ्ठ्यावर बटणं शिवायची. बारा डझन, म्हणजे एकशे चव्वेचाळीस बटणं झाली की एक ग्रोस म्हणायचे.

त्या परत आत गेल्या आणि रिकाम्या खोक्यावरचं लेबल निरखून पाहिलं. एका ओळीत चार गोष्टी होत्या: एक शब्द, मग बारा, मग दुसरा शब्द, मग तेरा. लेबल फाडून त्यांनी कमरेला खोचलं. घरी प्रीतीने ते वाचलं. “नेट बारा, ग्रोस तेरा. हे वजन आहे आई. नेट म्हणजे नुसता माल, ग्रोस म्हणजे खोक्यासकट. आमच्या दुकानात पण येते असं.”

“पक्कं?” अंजनाबाईंनी विचारलं. लेकीच्या शब्दावरही त्यांनी तसाच विश्वास टाकला नाही. सकाळी लवकर जाऊन एक भरलेलं खोकं गोदामाच्या काट्यावर ठेवलं. तेरा किलो. कालचं रिकामं ठेवलं. एक किलो.

रविंद्र सर आले तेव्हा त्या खोकं काट्यावरच ठेवून उभ्या होत्या. लेबल पुढे धरून त्यांनी सांगितलं, “सर, तुमच्या माणसानं बारा ग्रोस वाचलं, म्हणून खोक्यामागं एकशे चव्वेचाळीस पाकिटं धरली. हे ग्रोस मोजाचं नाही, तोलाचं आहे.”

सरांनी लेबल वाचलं, काट्याकडे पाहिलं, मग माल पाठवणाऱ्याला फोन लावला. बोलता बोलता ते पाठमोरे झाले. खोक्यात दीड हजारच क्लिपा, म्हणजे एकशे पंचवीसच पाकिटं असतात, असं तिकडून कळलं. ते म्हणाले, ठीक आहे अंजनाताई, एंट्री दुरुस्त करायला सांगतो. आणि केबिनकडे वळले.

“सर, फळा,” अंजनाबाई म्हणाल्या. “लिहिलं सगळ्याइच्या समोर. पुसा बी सगळ्याइच्या समोर.”

पट्टा अजून सुरू झाला नव्हता. सगळी टेबलं ऐकत होती. रविंद्र सरांनी फळ्याचा कपडा शोधला. तो सापडेना, तेव्हा त्यांनी हातरुमालाने पुसलं. लाल शाईचा थोडा डाग राहिलाच.

शामला तेवढ्यात आली होती आणि दाराशी उभी राहून सगळं पाहत होती. दुपारी अंजनाबाई डबा घेऊन तिच्यासमोर बसल्या. कसं बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून सरळच बोलल्या. “मले तुह्यावर शक आला होता वं. तुह्या त्या हिरव्या क्लिपीवरून.”

शामला भाजी वाढून घेत होती. क्लिप बर्डीच्या फुटपाथवरून घेतली, एवढं तिने सांगितलं. मग म्हणाली, “तू हात धुवाले गेली होती ना मंगळवारी, तवा मी तुही पिशवी उघडून पाह्यली.”

अंजनाबाईंनी आपल्या पिशवीकडे पाहिलं. राग यावा असं वाटलं, पण तो कुठून आणावा हे समजेना. शामलाही खाली मान घालून जेवत राहिली. जेवण दोघींनी त्याच एका कागदावर संपवलं.

पुढच्या आठवड्यात सर एक नवं लेबल घेऊन चार नंबरच्या टेबलावर आले आणि यातलं माप कसं लावायचं, असं त्यांनी अंजनाबाईंना विचारलं. त्यांनी ते दोनदा उलटसुलट पाहिलं. आधी खोकं फोडून दाखवा, मग सांगते, असं त्या म्हणाल्या. शामलाने सुरी सरांच्याच हातात दिली.